साडेतीन वितांचं हँडल

मोटारसायकलचं हँडल बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, असं विशे भाऊसाहेबांना ज्या कोणी सांगितलं, तो माणूस पुढे कधी सापडला नाही. भाऊसाहेब त्याला अजून शोधताहेत. तो मुरबाडच्या चहाच्या टपरीवर भेटला होता की किन्हवलीच्या पेट्रोल पंपावर, हे त्यांना आठवत नाही. त्याचं वाक्य मात्र जसंच्या तसं कानात आहे. चार बोल्ट काढायचे, चार बोल्ट लावायचे. माणसाचं वाटोळं व्हायचं असलं की सुरुवात असल्याच छोट्या वाक्यांनी होते.

वाल्मिक विशे हे मुरबाडच्या एका सरकारी कचेरीतले वरिष्ठ लिपिक. वय बावन्न. अख्खा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणतो, आणि अर्जातली त्रुटी शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सही निळ्या शाईत हवी ती काळ्या शाईत आहे, जोडपत्र ‘ब’च्या जागी ‘अ’ लावलंय, ‘आपला विश्वासू’च्या खाली नाव आहे पण गाव नाही. अशा वेळी भाऊसाहेब अर्ज हळूच परत सरकवतात आणि म्हणतात, कागद पूर्ण करून आणा, घाई नाही. यात त्यांचा कधी काही स्वार्थ नव्हता. त्यांना खरोखरच पूर्ण कागद आवडतो.

राहायला मात्र ते शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या जवळच्या एका गावात. तिथून सरळगावमार्गे मुरबाड, जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बावीस वर्षं हा रस्ता त्यांनी एका जुन्या, ताठ हँडलच्या गाडीवर काढला. मग चिरंजीव हितेश यांना नवी गाडी हवी झाली. नवी गाडी म्हणजे हँडल आखूड आणि खाली, सीट वर, आणि बसणारा माणूस मध्ये दुमडलेला. वर्षभर हितेश तिच्यावरून फिरला. नंतर त्याला वाशिंदच्या कंपनीत नोकरी लागली, कंपनीच्या दारातच खोली मिळाली, आणि ‘पप्पा, आता तुमीच वापरा’ म्हणून तो मोकळा झाला. जुनी गाडी त्याने त्याआधीच एकाला देऊन टाकली होती. बापाच्या वस्तू देऊन टाकण्यात मुलांचा हात फार सैल असतो.

त्या गाडीवर बसलेले भाऊसाहेब लांबून नमस्कार करायला वाकल्यासारखे दिसत. रस्त्यात भेटणारी माणसं उलट नमस्कार करत, आणि मग भाऊसाहेबांना हात सोडून तो परत करावा लागे. सोमवारी कमर नुसती कुरकुरायची, बुधवारी बोलायला लागायची आणि शुक्रवारी कचेरीच्या खुर्चीतून उठताना भाऊसाहेबांना टेबलाचा, कपाटाचा आणि शिपायाचा असा तिहेरी आधार लागायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वाकू नका. सरकारी नोकरीत हे एकदम जमणारं नव्हतं, पण निदान गाडीवर तरी जमवावं, असं भाऊसाहेबांनी ठरवलं.

पण खरं सांगायचं तर कमर हे निम्मंच कारण होतं. उरलेलं निम्मं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून दर पौषात म्हसाच्या जत्रेला ते आणि वत्सलाबाई जोडीने जात. पहिली काही वर्षं बैलगाडीतून, मग जुन्या गाडीवरून. जत्रेत वत्सलाबाई सुपं, तवे बघायच्या, भाऊसाहेब गरज नसताना बैल बघायचे, आणि परत येताना गोडीशेवेची पुडी रस्त्यातच संपायची. नवी गाडी भाऊसाहेबांकडे आली आणि हे बंद झालं. दोन वर्षं वत्सलाबाई बचत गटाच्या बायकांबरोबर जीपने जात होत्या. ‘तुमी या मागून सावकाश,’ एवढंच म्हणाल्या. भाऊसाहेबांनी कारण विचारलं नाही. रस्ताभर आपण कण्हतो ते तिला ऐकवत नसेल, असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. यंदाच्या जत्रेला वत्सला आपल्या मागे बसली पाहिजे, हा त्यांचा पण होता. लोकांना ते कमर सांगत होते.

गावात सल्ला मागावा लागत नाही. मोटारसायकलीशेजारी तुम्ही नुसते उकिडवे बसलात की चार माणसं गोळा होतात. शेजारचा सुदाम हा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. ज्याला चाक आहे त्या प्रत्येक वस्तूवर, अगदी पाळण्यावरसुद्धा, त्याचा शब्द अखेरचा. स्टिअरिंग पोटाशी पाहिजे, तीस वर्षं आपण पोटाशी घेऊन चालवली, बघा आपली कमर, असं म्हणून त्याने शर्ट वर करून कमर दाखवली. कमर दिसली नाही, पोट दिसलं. त्याची बायको धोंडूबाई म्हणाल्या की हँडल राहू दे, करंजाचं तेल चोळा. आणखी एकाने सांगितलं की सीटवर उशी बांधा, दुसऱ्याने सांगितलं की सीटच काढा. शेवटी धर्माबाबांना बोलवायचं ठरलं.

धर्माबाबा ऐंशीच्या घरातले. पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय कोणी बैल घेत नाही. म्हसाच्या बाजारात ते नुसते रांगेतून चालत गेले तरी व्यापारी आपापल्या बैलांच्या अंगावरचं गवत झटकतात. मोटारसायकलशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता, पण शेवटी हँडल म्हणजे शिंगं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाबांनी भाऊसाहेबांना अंगणात स्टुलावर ताठ बसवलं, हातात कासरा धरल्यासारखे हात पुढे करायला लावले, आणि एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत वितीने मोजलं. साडेतीन वीत. भाऊसाहेबांनी आपल्या सवयीने टेप आणू का म्हणून विचारलं.

“टेपानं कदी बैल मोजलाय का रे कोनी?” बाबा म्हणाले. अंगणातले सगळे हसले आणि टेप कपाटातच राहिला.

तरीसुद्धा भाऊसाहेब बेसावध राहिले असं कोणी म्हणू नये. गाडी ठेवायची ती मागच्या पडवीत, आणि पडवीकडे जायला घराच्या बाजूने एक बोळ. बोळाच्या एका अंगाला सुदामची भिंत, दुसऱ्या अंगाला वत्सलाबाईंची पाण्याची टाकी. ही टाकी विटा-सिमेंटची, छातीएवढी उंच, आणि ती बांधून घ्यायला वत्सलाबाई सासूशी चार वर्षं आणि भाऊसाहेबांशी सहा वर्षं भांडल्या होत्या. थंडी सरायच्या आतच नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागतं, तेही पाऊण तास. तालुक्यातल्या धरणांचं पाणी कुठे जातं आणि आपल्या नळाला काय येतं, याबद्दल वत्सलाबाईंचं एक मत आहे, पण ते छापण्यासारखं नाही. तर भाऊसाहेबांनी स्वतः वाकून, कण्हत, टाकी आणि भिंत यांच्यामधली जागा मोजली. चार वीत भरली. कागदावर त्यांनी लिहिलं: बोळ चार वीत, हँडल साडेतीन वीत, शिल्लक अर्धी वीत. खाली सही केली आणि तारीख घातली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. धर्माबाबांच्या हाताने साठ वर्षं बैलांच्या वेसणी धरल्या होत्या. त्यांचा अंगठा आणि करंगळी ताणली की मध्ये भाकरीची परात मावायची. भाऊसाहेबांच्या हाताने एकोणतीस वर्षं कागद उलटले होते. हँडल एका वितीने मोजलं गेलं होतं आणि बोळ दुसऱ्या वितीने. दुसऱ्याच्या कागदात अशी चूक असती तर भाऊसाहेबांनी ती झोपेत पकडली असती. आपल्या कागदावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता.

हँडल आणायला शहापूरला दिपेशच्या गॅरेजवर जायचं होतं. धर्माबाबा न सांगताच गाडीवर मागे बसले. जनावर माझ्या माघारी घेतलं आणि मग माझ्या दारात रडत आलात तर चालायचं नाही, असं त्यांनी बजावलं. गॅरेजच्या भिंतीवर वीसेक हँडलं टांगलेली होती. बाबांनी हात मागे बांधून त्यांच्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या. मोटारसायकलला सुद्धा त्यांनी एकदा समोरून आणि एकदा मागून बघितलं, टाकीवर थाप मारली आणि पुढचं चाक दाबून बघितलं. दिपेशने एक मध्यम, सरळसं हँडल पुढे केलं. बाबांनी ते हातात न घेताच नापास केलं. मिटल्या शिंगांचं जनावर दारात शोभत नाही, शिंगं कशी उघडी पाहिजेत, समोरून येणाऱ्याला कळलं पाहिजे कोण येतंय ते. मग त्यांनी सगळ्यात वरचं, सगळ्यात रुंद आणि वर वळलेलं हँडल उतरवायला लावलं, वितीने मोजलं, आणि बरोबर साडेतीन भरल्यावर तोंडातल्या तोंडात हसले.

भाव ठरवायला त्यांनी खांद्यावरचा पंचा दिपेशच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, पंचाखाली, बोटांनी, चारचौघांना कळू न देता. दिपेशला हे ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याला चक्कर येतेय असं वाटून त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. बाबा पाणी प्यायले आणि सौदा पक्का झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. हँडल कितीला पडलं हे भाऊसाहेबांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही, पण दिपेशने नंतर जे मागितलं ते त्यांनी दिलं.

अर्ध्या तासाचं काम सकाळी अकराला सुरू झालं आणि साडेचारपर्यंत चाललं. चार बोल्ट निघाले, चार बोल्ट लागले, त्या माणसाचं तेवढं खरं होतं. पण हँडल वर गेलं म्हणून क्लचची वायर पुरेना, ब्रेकची पुरेना, अ‍ॅक्सिलरेटरची तर वीतभर कमी पडू लागली. क्लचची आणि ब्रेकची मिळाली. अ‍ॅक्सिलरेटरची कल्याणहून मागवावी लागणार होती, म्हणून जुनीच ताणून बसवली. हॉर्नच्या वायरीही ओढूनताणून जोडल्या. परिणाम असा झाला की गाडी डावीकडे वळवली की इंजिन आपोआप बोंबलायचं आणि उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. भाऊसाहेबांनी ही त्रुटी निदर्शनास आणून दिली. दिपेशने विचार करून सांगितलं की वायर येईपर्यंत शक्यतो सरळच जा.

तरी त्या दिवशी घरी येताना भाऊसाहेबांना जो आनंद झाला तो लपवण्यासारखा नव्हता. पाठ ताठ, छाती पुढे, हात रुंद. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या. वालाची शेतं दिसली, एक नवीन ढाबा दिसला, तो सुरू होऊन वर्ष झालं होतं असं मागून धर्माबाबांनी सांगितलं. कमर गप्प होती. जत्रा आठ दिवसांवर आली होती, आणि भाऊसाहेबांनी वाटेतच ठरवून टाकलं की यंदा गोडीशेव दोन पुड्या घ्यायची.

घरी पोचले तेव्हा नळाला पाणी यायची वेळ झाली होती. वत्सलाबाईंनी रस्त्यावरच्या नळापासून बोळातून टाकीपर्यंत पाइप अंथरून ठेवला होता आणि त्या टाकीशी उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी इंजिन बंद करून गाडी बोळात घातली. अर्धी वीत शिल्लक असल्यामुळे त्यांनी पुढे बघितलंच नाही. सुदाम मागे उभा राहून एसटी लावल्यासारखा ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होता. उजवी मूठ भिंतीला घासली तेव्हा तो म्हणाला थोडा जोर लावा. भाऊसाहेबांनी जोर लावला, मागून सुदामनेही लावला, आणि गाडी टाकी आणि भिंत यांच्यामध्ये जी अडकली ती ना पुढे जाईना ना मागे. डावीकडचा आरसा टाकीत पडला. आणि त्याच वेळी नळाला पाणी आलं.

पाणी आलं ते नळाला, टाकीत येईना. कारण पुढचं चाक पाइपवर उभं होतं. हे वत्सलाबाईंच्या लक्षात आलं, त्यांनी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि मग प्रत्येकाने आपापला उपाय सांगायला सुरुवात केली. धोंडूबाई म्हणाल्या साबणाचं पाणी लावा, पण पाणीच नव्हतं. करंजाचं तेल लावून झालं. सुदाम म्हणाला चाकातली हवा काढा; हवा काढली तशी गाडी पाइपवर आणखीच बसली. धर्माबाबांनी सांगितलं की अडलेलं जनावर शेपटी पिरगाळली की मागे सरतं, आणि सायलेन्सर गरम आहे हे त्यांना उशिरा कळलं. पाऊण तास संपत आला तेव्हा भाऊसाहेबांनी पाना आणून तेच चार बोल्ट काढले. हँडल वायरींना लोंबकळलं, गाडी मागे निघाली, पाइप मोकळा झाला आणि त्यातून नुसती हवा आली. पाणी गेलं होतं.

वत्सलाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोरड्या टाकीतून आरसा काढून भाऊसाहेबांच्या हातात दिला.

“टाकीला हात लावायचा नाय,” त्या म्हणाल्या, “हे आदीच सांगून ठेवते.”

मग त्या कळशी घेऊन धोंडूबाईंकडे पाणी मागायला गेल्या. सहा वर्षं भांडून बांधलेली टाकी दारात असताना शेजारी कळशी घेऊन जाणं काय असतं, हे भाऊसाहेबांना कळत होतं. पुढचे तीन दिवस वत्सलाबाई त्यांच्याशी फक्त जेवणापुरतं बोलल्या. याच दिवसांत धोंडूबाईंकडून बातमी आली की बचत गटाची जीप ठरलीय आणि वत्सलाची जागा धरलीय.

हँडल पुन्हा बसलं, चाकात हवा भरली, पण गाडी आता अंगणातच राहायची. पहिल्या रात्री पेट्रोल गेलं. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्यांनी हँडल आपलं मानलं. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर भाऊसाहेबांनी गाडी लावली आणि हातपाय धुऊन येतात तो तिच्यावर धोंडूबाईंची गोधडी वाळत होती. एवढी रुंद दांडी गावात दुसरी नाही, असं त्यांनी कौतुकानेच सांगितलं.

कचेरीतही प्रतिष्ठा राहिली नाही. कचेरीचं फाटक उजव्या हाताला. सोमवारी भाऊसाहेब वळले ते नेमके साहेबांच्या गाडीच्या मागे, आणि हॉर्न सुरू झाला. साहेबांनी मागे वळून बघितलं. भाऊसाहेबांनी हात जोडले, त्यामुळे हँडल आणखी उजवीकडे गेलं आणि हॉर्न आणखी जोरात वाजला. एकोणतीस वर्षांत साहेबांसमोर ज्यांनी कधी खोकलासुद्धा काढला नव्हता, त्यांना त्या दिवशी ‘आपल्याला एवढी घाई कसली असते’ असं चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं.

आणि त्याच संध्याकाळी फाट्यावर हवालदाराने अडवलं. गाडीचे कागद बघितले, हँडल बघितलं, पुन्हा कागद बघितले. कंपनीने दिलेलं हँडल हे नाही. भाऊसाहेबांनी कुठल्या नियमाखाली, असं विचारलं, आणि तिथेच घात झाला, कारण आवाजावरून हवालदाराने त्यांना ओळखलं. त्याच्या वडिलांच्या गुरांच्या गोठ्याचा अर्ज भाऊसाहेबांनी तीनदा परत केला होता. तिन्ही वेळा रास्त कारणाने, हे भाऊसाहेब आजही छातीवर हात ठेवून सांगतील. हवालदार रागावला नाही. त्याने खिशातून वही काढली, हँडल नीट बसवल्याबद्दल मेकॅनिकचा दाखला आणायला सांगितला, आणि गाडीचे कागद हळूच परत सरकवले.

“कागद पूर्ण करून आना, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “घाई नाय.”

दिपेशला दाखला लिहिता येईना, म्हणून भाऊसाहेबांनीच मसुदा करून दिला: ‘दाखला देण्यात येतो की, सदर हँडल माझ्या समक्ष घट्ट आहे.’ दिपेशने सही केली. हवालदाराने तो तारीख नाही म्हणून परत केला. तारीख घालून नेला तर जावक क्रमांक नाही म्हणून परत केला. दिपेशच्या गॅरेजला जावक क्रमांक कुठून असणार? भाऊसाहेबांनी त्याला वही आणून दिली, रकाने आखून दिले आणि जावक क्रमांक एक टाकायला लावला. तिसऱ्या खेपेला हवालदाराने दाखला घेतला, घडी घातली, आणि आता गोठ्याचं बघा एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी घरी येताना भाऊसाहेब सरळ बसले होते, पण आतून साफ वाकले होते. आपलं वाक्य समोरून ऐकायला इतकं वाईट असतं हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी शरणागती पत्करली. कमर गेली तरी चालेल, जुनं हँडल परत बसवायचं, टाकी भरू द्यायची, कोंबड्यांना त्यांच्या जागी पाठवायचं. शहापूरला जाऊन त्यांनी दिपेशला तसं सांगितलं. दिपेशने डोकं खाजवलं. जुनं हँडल त्याने परवाच एका गिऱ्हाइकाला बसवून दिलं होतं; त्या माणसाला वाकून बसायची फार हौस. दुसरं तसलं सोमवारपर्यंत येईल म्हणाला. जत्रा रविवारी होती. आता त्याने काही फरक पडत नव्हता.

रविवारी सकाळी जीप आली. जीपमध्ये आधीच चौदा बायका, तीन सुपं कशाला कोण जाणे आधीच घेतलेली, आणि धोंडूबाईंनी ऐनवेळी आणलेल्या दोन बहिणी होत्या. वत्सलाबाईंसाठी धरलेल्या जागेवर त्यातली थोरली बसली होती. ड्रायव्हर म्हणाला मागच्या पायरीवर उभ्या राहा, हात धरायला दांडी आहे. वत्सलाबाईंनी पायरीकडे बघितलं, दांडीकडे बघितलं आणि पिशवी घेऊन मागे सरल्या. जीप निघून गेली. अंगणात भाऊसाहेब हँडलवरची कोंबडी उडवत उभे होते. या म्हणावं तर कोणत्या तोंडाने, आणि न म्हणावं तर मग हे सगळं केलं कशासाठी, असं त्यांचं झालं होतं.

“काढा तुमचं जनावर,” वत्सलाबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी सीट पुसली. धोतराच्या तुकड्याने एकदा आणि रुमालाने एकदा. वत्सलाबाई मागे एका अंगाने बसल्या, पदर खोचला, पिशवी मांडीवर घेतली. पहिल्याच डाव्या वळणाला इंजिन बोंबललं. भाऊसाहेब माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या उजव्या खांद्यावर हात आला. दोन वर्षांनी आला होता. जुन्या गाडीवर असायचा तिथेच, गळ्याजवळ, बांगड्या शर्टाच्या कॉलरला टेकलेल्या. भाऊसाहेबांनी ब्रेक, क्लच सगळं जपून वापरलं. सरळगाव मागे पडलं, मुरबाड मागे पडलं. जत्रेच्या रस्त्याला गर्दी लागली, बैल घेऊन चाललेली माणसं दिसू लागली, तेव्हा मागून आवाज आला.

“दोन वर्सं तुमी असे वाकून बसायचे, हात ठेवायला खांदाच गावायचा नाय. पाठीवर ठेवला तर लोक म्हनायचे, वत्सला बैल हाकतेय.”

भाऊसाहेबांनी गाडी एकदम हळू केली. दोन वर्षं ते आपल्या कण्हण्याला दोष देत होते. कण्हण्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? खांदा द्या म्हनू?”

भाऊसाहेबांनी बाहीने डोळे पुसले. डोळ्यांत धूळ गेली होती. बाजाराच्या रस्त्याला ती असतेच. मग त्यांनीच सांगितलं की सोमवारी जुन्यासारखं हँडल येतंय, ते बसवून टाकतो, टाकीचा प्रश्न मिटेल.

“नको,” वत्सलाबाई म्हणाल्या. “हेच राहू दे. टाकीची भिंत वीतभर आत घेऊ.”

सासूशी चार वर्षं आणि नवऱ्याशी सहा वर्षं भांडून बांधलेली टाकी. तिसऱ्या दिवसाचं पाणी, पाऊण तासाचं. वीतभर आत घेतली की तीन-चार हंडे कमी, वर्षभर, दर खेपेला. भाऊसाहेबांनी हा हिशेब न बोलता केला. पण एकोणतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा कागद अपुरा ठेवत नाही.

“वीत कोणाची?” त्यांनी विचारलं.

खांद्यावरचा हात उचलला गेला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आला, हिरव्या बांगड्यांसकट, बोटं पूर्ण ताणलेली.

“माझी,” वत्सलाबाई म्हणाल्या.

मग हात परत खांद्यावर गेला. जत्रेच्या तोंडाशी भाऊसाहेब उजवीकडे वळले, आणि हॉर्न आपोआप सुरू झाला. पुढची माणसं बाजूला झाली, दोन बैलांनी माना वळवून बघितलं. भाऊसाहेबांनी तो वाजू दिला.